नागपूरचे ऊन, बंद गाडी आणि आत बसलेला कुत्रा

नागपुरात कूलर वापरणाऱ्या प्रत्येक घराला एक गोष्ट पाठ असते. मे महिन्यात ताट्यांवर पाणी सोडले की खोलीत गारवा उतरतो, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर, तोच पंखा आणि तेवढेच पाणी असूनही अंग चिकचिक करण्यापलीकडे त्याच्याने काही होत नाही. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते, आणि हवेत आधीच बाष्प भरलेले असले की वाफ होणेच मंदावते. कुत्र्याचे शरीर नेमके याच तत्त्वावर थंड राहते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरत्याच असतात. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतला ओलावा वेगवान श्वासाने उडवणे, म्हणजेच धापा टाकणे, हाच त्याचा कूलर. बंद गाडीत तो धापा टाकू लागला की प्रत्येक श्वासागणिक तिथल्याच हवेत बाष्प मिसळत जाते, आणि काही मिनिटांतच मे महिन्यातला कूलर जुलैमधला होऊन बसतो.

उभ्या गाडीत कुत्रा ठेवण्याविषयी जे काही सांगायचे आहे ते या एका गोष्टीत आहे. गाडीतली उष्णता ही अर्धीच अडचण आहे. त्या उष्णतेवर कुत्र्याजवळ असलेला एकमेव उपाय ती बंद हवा निकामी करते, ही उरलेली अर्धी. त्यामुळे ‘आपला कुत्रा काटक आहे’, ‘त्याला नागपूरच्या उन्हाची सवय आहे’ ही समजूत इथे उपयोगाची नाही. दिवसभर कूलरच्या खोलीत झोपणाऱ्या कुत्र्याला तशी सवय नसतेच, आणि ज्याला ती आहे तोही बंद काचेआड फार काळ टिकू शकत नाही.

काच चार बोटे खाली ठेवल्याने काय होते

सूर्यप्रकाश काचेतून आत येतो आणि डॅशबोर्ड, स्टिअरिंग व सीटवरचे रेक्झिन यांना तापवतो. या तापलेल्या वस्तू उष्णता परत फेकतात, परंतु ती काचेतून तशीच बाहेर पडू शकत नाही आणि गरम झालेल्या हवेलाही निघून जायला वाट नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या दिवसांत उन्हात उभ्या गाडीतले तापमान मोजले होते. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि या वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. बाहेर जेमतेम २२ अंश असतानाही आतला पारा तासाभरात ४७ वर पोहोचला होता. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतली सुखद वाटणारी दुपारही सहसा याहून उबदार असते, ही बाब स्वेटर घालून बाजारात निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

पाश्चात्त्य देशांत लिहिलेल्या सूचना आपण जशाच्या तशा उचलतो तेव्हा एक गोष्ट निसटते. तिथे बहुतेक वेळा बाहेरची हवा कुत्र्याच्या शरीरापेक्षा थंड असते, त्यामुळे दार उघडून कुत्रा बाहेर काढला की निम्मे काम झालेले असते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंश ही नित्याची गोष्ट आहे आणि २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. म्हणजे उघड्या काचेतून आत येणारी झुळूकसुद्धा कुत्र्याला तापवणारीच असते. शिवाय वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा हा सावलीतला, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या जाळीदार पेटीतला असतो, डांबरी रस्त्यावरचा नव्हे. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि एकच खळबळ उडाली. तो यंत्रातला दोष असल्याचे हवामान विभागाने पुढे स्पष्ट केले. तो आकडा शहराचा नव्हता हे खरे, परंतु नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तो सहज गाठला जातो.

सावलीचा भरवसाही नागपूरकरांनी जपूनच धरावा. आपले शहर २१ अक्षांशांच्या किंचित वर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाचीही सावली नाहीशी होते. नवतपाचे दिवस हेच. इमारतीच्या कडेला ‘सावलीत’ लावलेली गाडी त्या वेळी पूर्ण उन्हात असते. कडुनिंबाची सावली खरी, पण ती सरकते, आणि ज्या कामाला वीस मिनिटे लागतील असे वाटले होते ते काम संपण्याची वाट ती पाहत नाही. अॅरिझोनातल्या टेम्पी शहरात कडक उन्हाळ्यात केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हातल्या गाडीतली हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांपर्यंत तापली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत. सावलीतल्या गाडीतली हवाही ३८ अंशांच्या आसपास होती. सावलीने वेळ थोडा वाढवून मिळतो, सुरक्षितता मिळत नाही. पुढच्या काचेवर लावायच्या चंदेरी पडद्यांचे आणि खिडक्यांच्या जाळ्यांचेही तसेच आहे. गाडीकडे परत आल्यावर स्टिअरिंगला हात लावता यावा यासाठी ते उत्तम आहेत. आत कुत्रा ठेवण्यासाठी ते पुरेसे नाहीत. गाडीला कापडी कव्हर घालून आत कुत्रा ठेवणे तर सर्वांत वाईट, कारण तो जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसतही नाही.

एसी सुरू ठेवून गेलो तर?

हा प्रश्न हल्ली सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागते. इंजिन सुरू ठेवून एसी लावला तर सुरुवातीला गाडी थंड राहते यात शंका नाही. परंतु उभ्या गाडीत, इंजिन मंद फिरत असताना, ४४-४५ अंशांत एसीची ताकद चालत्या गाडीपेक्षा कमी असते. इंधन बचतीसाठी बसवलेली आपोआप इंजिन बंद करणारी सोय काही गाड्यांत असते; बटणावर सुरू होणाऱ्या काही गाड्या ठरावीक वेळानंतर स्वतःच बंद होतात; इंजिन तापले की एसीचा कॉम्प्रेसर आधी बंद होतो आणि पंखा मात्र गरम हवा फेकत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी सुरूच दिसते. त्यात उत्सुक कुत्र्याचा पंजा खिडकीच्या बटणावर पडून काच उतरणे, किंवा दारे आतून लॉक होऊन किल्ली आतच राहणे, हेही घडते. मॉलच्या तळघरातल्या किंवा घरच्या बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवणे तर विषारी धुरामुळेच घातक आहे. काही नव्या विजेवरच्या गाड्यांत प्राण्यांसाठी एसी सुरू ठेवण्याची खास सोय असते, ती इंजिनाच्या गाडीपेक्षा निश्चित बरी. तरीही बॅटरी किती उरली आहे हे पाहिल्याशिवाय आणि मोबाइलवर आतले तापमान दिसत असल्याशिवाय मी तिच्यावर विसंबणार नाही.

एसी सुरू ठेवायचाच असेल तर एक माणूस गाडीत बसलेला असावा. लहान मूल हा माणूस नव्हे.

ऑक्टोबरमधली बारा मिनिटे

हे सर्व मी शहाणपणाने शिकलो असे नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या एका सकाळी, साडेअकराच्या सुमारास, आमच्या लॅब्रेडोरला घेऊन निघालो असताना आईची औषधे घ्यायला मी एका मेडिकलसमोर थांबलो. पाऊस नुकताच सरला होता, उन्हाळा संपून तर चार महिने झाले होते, गाडी झाडाखाली होती आणि मागच्या दोन्ही काचा चार-चार बोटे खाली होत्या. दुकानात दोघेच गिऱ्हाईक होते. त्यातल्या एकाला औषधाची दुसरी कंपनी चालत नव्हती आणि दुसऱ्याचे ऑनलाइन पैसे जात नव्हते. परत आलो तेव्हा बारा मिनिटे झाली होती, हे मला नंतर बिलावरच्या वेळेवरून कळले. खिडकीच्या आतल्या बाजूला नाकाचे ओले ठसे एकावर एक उमटलेले होते आणि दाराच्या कठड्यावरून लाळेची जाड तार खाली सीटपर्यंत लोंबत होती. एरवी मला पाहताच शेपटीने सीट बडवणारी ती कुत्री दार उघडल्यावर माझ्याकडे वळली नाही. तिची जीभ नेहमीपेक्षा रुंद, टोकाला पसरट झाली होती आणि हिरड्या विटेसारख्या लाल होत्या. दुकानदाराने आतून पाण्याची बादली आणून दिली, शेजारच्या टपरीवाल्याने पुठ्ठा घेऊन वारा घातला, आणि ती वाचली. झाड, उघड्या काचा आणि ‘पाचच मिनिटे’ ही तिन्ही कारणे त्या दिवशी माझ्याजवळ होती, म्हणून ती कुणी सांगू लागला की मला त्याचा राग येत नाही.

निर्णय घरीच घ्यावा

कुत्र्याला न्यायचे की नाही हे गाडीत बसल्यावर ठरवू नये. निघण्यापूर्वी मनातल्या मनात सगळी थांबण्याची ठिकाणे मोजावीत आणि त्यातल्या एखाद्या ठिकाणी जरी कुत्र्याला आत घेऊन जाता येणार नसेल, आणि गाडीत सोबत थांबणारा कुणी नसेल, तर त्याला घरी ठेवावे. बर्डीवर खरेदी, गोकुळपेठेत भाजी, बँकेत सही, रामटेक किंवा कोराडीला दर्शन, मंगल कार्यालयातले जेवण ही सगळी कुत्र्याला घरी ठेवण्याची कामे आहेत. घरी सावलीची खोली, भरलेले भांडे आणि सुरू असलेला कूलर त्याला फिरण्याच्या हौसेपेक्षा जास्त मानवतो. वीज गेली तर कुणीतरी खिडकी उघडेल एवढी व्यवस्था मात्र शेजारी करून ठेवावी.

एक ठिकाण असे आहे की जिथे समजूतदार माणसेही चुकतात, आणि ते म्हणजे खुद्द जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना. आत दुसरे कुत्रे भुंकत असतात, आपला कुत्रा बुजरा किंवा भांडखोर असतो, म्हणून ‘नंबर येईपर्यंत’ त्याला गाडीत ठेवले जाते. त्यापेक्षा सकाळची पहिली किंवा सूर्य मावळल्यानंतरची वेळ फोनवरून ठरवून घ्यावी, दोघांनी जावे, एकाने एसी लावून गाडीत कुत्र्यासोबत बसावे आणि दुसऱ्याने आत नंबर धरावा. कुत्र्याला आंघोळीला किंवा केस कापायला घरून नेणारी गाडी बोलावत असाल तर मागच्या भागात एसी पोहोचतो का, वाटेत आणखी किती घरी थांबणार आणि तेवढ्या वेळात आतल्या कुत्र्यांजवळ कोण असणार, हे स्पष्ट विचारावे. ओला कुत्रा बंद गाडीत बसला की आतली हवा आणखी दमट होते, म्हणून आंघोळीनंतर तो पूर्ण कोरडा झाल्याशिवाय नेऊ नये.

काही कुत्र्यांच्या बाबतीत तर उन्हाळ्यात दुपारचा प्रवासच टाळावा. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांसारख्या बसक्या तोंडाच्या जातींची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, त्यामुळे त्यांचा कूलर कमी ताकदीचाच बसवलेला असतो असे म्हणायला हरकत नाही. आपल्या शहरात पगची हौस मोठी आहे आणि त्याला हवामान तितकेच प्रतिकूल आहे. हस्की, सेंट बर्नार्ड यांच्यासारखे दाट केसांचे कुत्रे, लठ्ठ लॅब्रेडोर, म्हातारे कुत्रे, पिल्ले, हृदयाचा किंवा घशाचा आजार असलेले कुत्रे आणि पूर्वी एकदा ऊन लागलेले कुत्रे हेही याच यादीत येतात. तोंडाला जाळी बांधलेला कुत्रा तोंड पुरेसे उघडू शकत नाही, म्हणून धापा टाकू न देणारी घट्ट जाळी गाडीत कधीही घालू नये.

प्रवास करावाच लागला तर

समृद्धी महामार्गाने पुण्या-मुंबईकडे जाताना किंवा इकडे येताना कुत्र्याला सोबत नेणारी कुटुंबे आता नेहमी दिसतात. उन्हाळ्यात नागपूरहून पहाटे चारच्या आत निघणे किंवा संध्याकाळी उशिरा निघणे हेच योग्य, कारण सकाळी दहानंतर पुढची प्रत्येक थांबण्याची जागा तापलेली असते. वाटेत टायर किंवा एसी बिघडला तर तास-दोन तास कसे काढायचे याचा विचार निघण्यापूर्वीच करावा लागतो: दहा लीटर पाण्याचा कॅन, मोठी छत्री किंवा सावलीला बांधता येईल अशी चादर, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आणि दोरी या चार वस्तू डिक्कीत असल्या की संकट अर्धे होते.

गाडी उन्हात उभी असेल तर कुत्र्याला आत बसवण्यापूर्वी सर्व दारे उघडून दोन-तीन मिनिटे वारा जाऊ द्यावा, मग एसी लावून काचा थोड्या खाली ठेवून आतली तापलेली हवा बाहेर काढावी, आणि सीटवर, विशेषतः पट्ट्याच्या धातूच्या बकलावर, हात ठेवून पाहावा. सीटवर ओला सुती टॉवेल अंथरला तर रेक्झिनचा चटका बसत नाही. पुढच्या सीटवर आपल्याला थंडी वाजत असताना मागे, आणि हॅचबॅकच्या डिक्कीत तर निश्चितच, हवा कोंडलेली असू शकते. याची खात्री करायची असेल तर भिंतीवर लावायचा साधा खोलीचा थर्मामीटर कुत्र्याच्या जागी ठेवून एकदा अर्धा तास गाडी चालवून पाहावी. ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी नको. त्याचा आकडा जिथे संपतो तिथे उन्हातल्या गाडीचा आकडा जेमतेम सुरू होतो.

ढाब्यावर थांबल्यावर जेवण आळीपाळीने करावे. कुत्र्याला बाहेर उतरवताना जमिनीवर तळहाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवता येत नसेल तर तिथे कुत्र्यालाही चालवू नये, उचलून किंवा गवताच्या कडेने न्यावे. पार्किंगमधल्या डांबरावर पंजांच्या गाद्या भाजलेले कुत्रे दरवर्षी दवाखान्यात येतात, आणि मालकाला ते संध्याकाळी लंगडू लागल्यावर कळते.

थंडीविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण आपल्याकडे तो लहान प्रश्न आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. गाडीचा पत्रा रात्री वेगाने थंड होतो आणि आत ऊब धरून ठेवणारे काही नसते. लग्नघरी रात्री उशीर होणार म्हणून पिल्लू, म्हातारा किंवा आखूड केसांचा कुत्रा गाडीत झोपवून ठेवू नये. त्याच गाडीत तो दुसऱ्या दिवशी दुपारी राहिला तर मात्र वर सांगितलेले सगळे लागू होते.

दुसऱ्याच्या गाडीत कुत्रा दिसला तर

प्रथम कुत्र्याकडे पाहावे, गाडीच्या मालकाविषयीचा राग नंतरसाठी ठेवावा. कुत्रा उभा राहून भुंकत असेल तर थोडा वेळ हाती आहे. तो आडवा पडला असेल, झोकांड्या खात असेल, उलटी झाली असेल किंवा काच वाजवल्यावरही मान वळवत नसेल तर वेळ संपत आलेली आहे. गाडीचा क्रमांक, रंग आणि जागा टिपून जवळच्या दुकानांत, मॉलच्या किंवा कार्यालयाच्या सुरक्षारक्षकाकडे सांगावे आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारा करायला लावावा. एकाने गाडीजवळच थांबावे. त्याच वेळी ११२ वर फोन करून पोलिसांना कळवावे. प्राण्यांच्या उपचारासाठी पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक आहे. मोबाइलवर वेळेसह चित्रण करून ठेवावे. दारे न विसरता ओढून पाहावीत. अनेकदा एखादे उघडे असते.

काच फोडण्याविषयी मी जबाबदारीने सांगू शकतो ते इतकेच की तो शेवटचा मार्ग आहे, आणि मालकाशी व पोलिसांशी वाद होऊ शकतो हे गृहीत धरूनच तो पत्करावा. पोलीस फोनवर असताना, दोन साक्षीदारांसमोर, कुत्रा कोसळलेला असतानाच हे करावे. कुत्र्यापासून सर्वांत दूरची बाजूची काच निवडावी आणि तिच्या कोपऱ्यावर टोकदार, कठीण वस्तूने आघात करावा. मध्यभागी मारल्यास ती सहसा दाद देत नाही, आणि पुढची मोठी काच दोन थरांची असल्याने ती फोडण्यात वेळ घालवू नये. कायद्याचे म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली प्राण्याला विनाकारण यातना देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. तेवढ्यात आपल्याकडे दोन प्लेट तर्री पोहे येतात. कायद्याच्या धाकावर विसंबण्यासारखी स्थिती नाही एवढेच यावरून समजावे.

ऊन लागले असेल तर पहिली दहा मिनिटे

जोराच्या न थांबणाऱ्या धापा, चिकट दोरीसारखी लाळ, गडद लाल हिरड्या, अस्वस्थ फेऱ्या ही सुरुवात असते. हिरड्या फिकट किंवा निळसर होणे, उलटी किंवा रक्तमिश्रित जुलाब, पाय लटपटणे, झटके आणि शुद्ध हरपणे ही पुढची पायरी. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की आतल्या अवयवांना इजा होऊ लागते. म्हणून आधी थंड करायचे आणि मग दवाखाना गाठायचा, हा क्रम उलटा करू नये. दवाखान्यात फोन मात्र लगेच लावावा.

थंड करायचे म्हणजे कुत्र्याला सावलीत किंवा शक्य असेल तर एसीच्या दुकानात आणून त्याच्या अंगावर, विशेषतः पोट, जांघा, काखा आणि पंजे यांवर, भरपूर पाणी ओतत राहायचे आणि सतत वारा घालायचा. दाट केस बोटांनी फिसकारून पाणी कातडीपर्यंत पोहोचवावे. नागपूरचा कोरडा मे इथे आपल्या बाजूने उभा राहतो, कारण ओल्या अंगावरून वारा गेला की बाष्पीभवन झपाट्याने होते. घरचा कूलर असेल तर ओल्या कुत्र्याला सरळ त्याच्यासमोरच ठेवावे. पावसाळ्यात हा उपाय मंद चालतो, त्या वेळी पंखा, एसी आणि अधिक पाणी यांवर भर द्यावा. तरुण, धडधाकट आणि शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला, डोके वर धरून, टबभर गार पाण्यात बसवले तरी चालते. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला ओतलेले पाणी आणि वारा पुरे.

इथे एक खास आपल्याकडची चूक होते. घाईघाईने बाथरूममधला नळ सोडला जातो, आणि मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देणारे असते. ते पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन पाहावे. जमिनीखालच्या टाकीतले, बोअरचे किंवा आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बादलीतले पाणी घ्यावे, माठ उपडा करायलाही कचरू नये. उन्हाळाभर एक भरलेली बादली न्हाणीघराच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवण्याची सवय घरात कुत्रा असणाऱ्यांना फार उपयोगी पडते. ओला टॉवेल अंगावर घालून तो तसाच ठेवू नये. काही क्षणांत तो गरम होतो आणि अंगातली वाफ अडवून धरतो. टॉवेल खाली अंथरावा, वरून पाणी आणि वारा चालू ठेवावा.

पाणी प्यायचे असेल तर त्याच्यासमोर ठेवावे, स्वतःहून चाटेल तेवढे चाटू द्यावे. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. ताप उतरवण्याच्या माणसांच्या गोळ्या, पॅरासिटामॉल असो की आयब्युप्रोफेन, देऊ नयेत. हा ताप आजाराचा नसल्याने त्यांचा उपयोग होत नाही आणि कुत्र्याला त्या विषारी ठरतात. तीच गोष्ट कांद्याची. विदर्भात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवण्याची आणि ऊन लागले की तळपायांना कांद्याचा रस चोळण्याची जुनी रीत आहे. कुत्रा आपले पंजे चाटतो आणि कांदा त्याच्या रक्तपेशी फोडतो, म्हणून घरातल्या आजीने कितीही प्रेमाने सुचवले तरी हा उपाय कुत्र्यावर करू नये.

घरात डिजिटल थर्मामीटर असेल आणि कुणाला सवय असेल तर गुदद्वारातून तापमान पाहत राहावे आणि ते साधारण ३९.५ अंशांवर आले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरत जाते. मग ओल्या अंगानेच, एसी लावलेल्या गाडीतून, एकाने चालवत आणि एकाने वारा घालत दवाखान्यात न्यावे. सेमिनरी हिल्सच्या बाजूला असलेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय शहरातल्या बहुतेकांना ठाऊक असते, पण आपल्या भागात रात्री आणि रविवारी कोणता दवाखाना उघडा असतो याची चौकशी एप्रिलमध्येच करून क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावा.

कुत्रा उठून बसला, शेपटी हलवू लागला, तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची प्रक्रिया यांना झालेली इजा बाहेर यायला एक ते तीन दिवस लागू शकतात. तेवढ्या दिवसांत लघवी कमी होते का, तिचा रंग चहासारखा गडद झाला आहे का, हिरड्यांवर किंवा पोटाच्या उघड्या कातडीवर लालसर-जांभळे ठिपके दिसतात का, शौचात रक्त आहे का, हे सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावे आणि यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी पुन्हा दवाखाना गाठावा. आमच्या लॅब्रेडोरची तिसऱ्या दिवशीची रक्त तपासणी ठीक आली, त्यानंतरच डॉक्टरांनी तिला नेहमीचे जेवण आणि संध्याकाळचे फिरणे सुरू करायला सांगितले.